आलेखातला खड्डा

भिंगकाकांना हे नाव पडलं ते पहिल्या नोकरीत. तेव्हा प्रोग्राम कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर छापून घेत. चूक शोधायची वेळ आली की बाकीचे वरवर नजर फिरवून मोकळे होत. हे मात्र टेबलभर कागद पसरून, एकेका ओळीखाली बोट ठेवून, हातात भिंग धरून बसत. चूक सापडली की भिंग खाली ठेवत आणि कुणाला काही न सांगता चहा प्यायला जात. ते भिंग पुढे हरवलं, ती कंपनीही बंद पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी गिऱ्हाइकं त्यांना सर म्हणत, बायको अहो म्हणे, आणि उरलेल्या सगळ्या जगाचे ते भिंगकाका होते.

गेली सोळा वर्षं त्यांचं पोट एकाच प्रोग्रामवर चाललं होतं. कान तपासायच्या दवाखान्यात एक ध्वनिबंद खोली असते. माणसाला आत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात, हातात एक बटण देतात आणि सांगतात, आवाज आला की दाबा. कॉम्प्युटर एकेक सूर वाजवतो, तो बारीक बारीक करत नेतो, आणि कुठला सूर कुठवर ऐकू आला याचा आलेख काढतो. हा सगळा कारभार भिंगकाकांच्या प्रोग्रामकडे. चाळीसेक दवाखान्यांत तो बसवलेला होता. सुरुवातीला एक भागीदार होता. "आता सगळं मोबाइलवर जाणार, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिणारे आपण दोघंच उरलोय," असं म्हणून तो सहा वर्षांपूर्वी दुसरीकडे गेला. मग भिंगकाका एकटेच उरले.

नवीन काही लिहायचं सोडूनच दिलं होतं त्यांनी. दिवस जायचा तो निस्तरण्यात. सकाळी नऊला सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्यांच्या खोलीत ते पाऊल टाकत न टाकत तोच फोन वाजे. कुणाचा प्रोग्राम उघडत नसे, कारण व्हायरस पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्याचीच एक फाइल चोर समजून उचललेली असे. कुणाच्या स्क्रीनवर 'सेव्ह' हे बटणच दिसत नसे, कारण डॉक्टरांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून कुणीतरी सगळी अक्षरं दीडपट करून ठेवलेली असत आणि बटण बिचारं स्क्रीनच्या बाहेर ढकललं गेलेलं असे. कुठे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊन चार वर्षांच्या पोराचं वय शंभराच्या पुढे जाई. आणि प्रत्येक जण शपथेवर सांगे, "सर, आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप झालं."

आपोआप काही होत नसतं हे भिंगकाकांना ठाऊक होतं. पूर्वी ते तसं बोलूनही दाखवत. मग वाद व्हायचे. आता ते नुसतं "बरं, बघतो" म्हणत. या दोन शब्दांत त्यांचा थकवा मावत असे.

घरी त्यांच्या नावानं वेगळीच तक्रार होती. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं म्हणणं एकच, की हा माणूस माझं ऐकत नाही. स्वयंपाकघरातून तिनं काही विचारलं की बाहेरून "हं" येई. ती जवळ येऊन काय हं, असं विचारे तेव्हा यांना प्रश्नच माहीत नसे. एकदा ती म्हणाली, "अहो, येताना शाई आणा."

"आई?" भिंगकाकांनी वर बघितलं. "कुणाची आई?"

"बाटलीतली!" ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोघंही हसले. पण असं रोज व्हायला लागलं तेव्हा हसू आटलं. "दिवसभर त्या गिऱ्हाइकांचं कान देऊन ऐकता आणि माझं मात्र कानामागे टाकता," असं ती म्हणायची. भिंगकाकांनाही ते खरंच वाटायचं. डोक्यात दिवसभराच्या कटकटी घोळत असतात, मग घरी काय लक्ष लागणार? आपण दमलोय, एवढंच त्यांनी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर अशाच एका मंगळवारी दुपारी एका दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. या बाई श्रवणतज्ज्ञ. उगाच तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या. वर्षातून एखाद्या वेळी फोन करत, आणि करत तेव्हा सगळं टिपून ठेवून करत.

"सर, प्रोग्राम मधेच गोठतो. दोन-तीन सेकंद स्क्रीन पांढरा पडतो आणि मग परत सुरू होतो."

"कधीपासून?"

"नीट लक्षात आलं ते आता. पण महिना-दोन महिने होत असतील."

"नवीन काही जोडलंय का? प्रिंटर वगैरे?"

"कॉम्प्युटर नवा घेतलाय. प्रिंटर जुनाच आहे."

"ड्रायव्हर कुठला आहे?"

"शाळेच्या बसचा."

भिंगकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालात?"

"शाळेच्या बसचा ड्रायव्हर आहे, सर. त्याच्यामुळेच मला हे कळलं. तुम्हाला कुणी आधी सांगितलं का त्याच्याबद्दल?"

प्रिंटर चालवायला कॉम्प्युटरात एक छोटा प्रोग्राम लागतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, हे समजावून सांगता सांगता दोघांचीही हसून पुरेवाट झाली. पण मग बाईंनी त्या बस चालवणाऱ्या ड्रायव्हरची हकीकत सांगितली आणि भिंगकाकांचं हसू मावळलं.

दर वर्षी बसच्या ड्रायव्हरांच्या कानांची तपासणी होई. दोन महिन्यांपूर्वी या माणसाचा आलेख वाईट आला. मधल्या सुरांत मोठा खड्डा. शाळेनं नियमाप्रमाणे त्याच्या हातून बस काढून घेतली आणि त्याला शेडमध्ये टायर आणि सुट्या भागांची नोंद ठेवायला बसवलं. तो सगळ्यांना सांगत राहिला, मला ऐकू येतं. पण कमी ऐकू येणारा प्रत्येक जण तसंच म्हणतो, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी तो स्वतःहून पुन्हा तपासायला आला. पुन्हा खड्डा.

"पण सर, दुसऱ्या वेळी खड्डा दुसरीकडेच होता," बाई म्हणाल्या. "पहिल्या वेळी जिथे होता तिथे सगळं उत्तम. माणसाचा कान बिघडला तर तो एकाच जागी बिघडलेला राहतो. खड्डा असा फिरत नाही. आणि दुसऱ्या वेळी मी स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीन पांढरा पडला नेमक्या तेव्हा तो काचेपलीकडून बटण दाबताना मला दिसला."

"माझ्याकडे तर कधी गोठत नाही," असं भिंगकाकांच्या तोंडून निघून गेलं. या वाक्याचा त्यांना स्वतःलाच तिटकारा होता. सगळे प्रोग्रामवाले हात झटकायला हेच वाक्य वापरतात. त्यांनी जीभ चावली. "उद्या येतो मी," ते म्हणाले.

दवाखाना दोन तासांच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते तिथे पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर तीन-चार माणसं बसलेली होती. बाईंनी सकाळची कामं उरकली, दुपारची माणसं पुढच्या आठवड्यावर टाकली आणि कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात दिला. खोली लहानच. एका बाजूला टेबल, समोर जाड काच, काचेपलीकडे फोम लावलेली ध्वनिबंद खोली आणि तिच्यात एक खुर्ची. कोपऱ्यात एक रिकामं स्टूल होतं.

"इथे काय असायचं?"

"प्रिंटर. आता तो पुढे रिसेप्शनला ठेवलाय. तिथली मुलगी घरी जाताना, जेवायला जाताना बंद करून जाते. उगाच कशाला चालू ठेवायचा म्हणून."

भिंगकाकांच्या डोक्यात काहीतरी हललं. पण एवढ्या वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते, की पहिला संशय खरा धरून चालायचं नाही. आधी बिघाड डोळ्यांनी बघायचा, मग कारण शोधायचं. आपल्या खोलीत ते प्रोग्राम तपासत तेव्हा समोर पेशंट नसे. माऊसनंच खोटी उत्तरं देत जायचे. इथे खरा माणूस आत बसवायला हवा होता.

"बाई, तुम्ही तपासणी चालवा. मी आत बसतो."

सोळा वर्षांत त्या खुर्चीत बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. दार बंद झालं आणि अशी शांतता पसरली की स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागला. सूर यायला लागले. ते बटण दाबत गेले. थोड्या वेळानं बाईंनी काचेवर टकटक केली आणि बाहेर या अशी खूण केली.

आलेखात दोन खड्डे होते. एक मधल्या सुरांत, उजव्या कानाचा. दुसरा शेवटी शेवटी, वरच्या सुरांत, दोन्ही कानांचा.

"सापडला!" भिंगकाका म्हणाले. बिघाड हातात सापडला की त्यांच्या जिवात जीव यायचा, मग तो कितीही मोठा असो. "स्क्रीन पांढरा पडला होता का?"

"दोनदा पडला."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि आपल्याच सोळा वर्षं जुन्या ओळी वाचायला बसले. स्क्रीनवर बोट ठेवून. बाईंनी आणून ठेवलेला चहा गार झाला, दुसरा आणला, तोही गार झाला.

कारण साधं होतं आणि लाजिरवाणं होतं. प्रत्येक सुराचं उत्तर मिळालं की प्रोग्राम ते साठवून ठेवी आणि त्याच दमात छापील पान तयार ठेवायचं म्हणून प्रिंटरला विचारी, तुझ्या कागदाचं माप काय? प्रिंटर शेजारी, तारेनं जोडलेला असताना उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येई. आता प्रिंटर गेला दुसऱ्या खोलीत आणि वर बंद. एकदा विचारल्यावर मिळालेलं माप कॉम्प्युटर थोडा वेळ लक्षात ठेवी, पण अधूनमधून परत विचारायची पाळी येई, आणि मग प्रोग्राम उत्तराची वाट बघत दोन-तीन सेकंद खांबासारखा उभा राही. सूर मात्र वाजत राही, कारण तो आधीच सुटलेला असे. माणूस आत बटण दाबी. पण दाबलेलं बटण बघायला जागेवर कुणी नसे. शुद्धीवर आल्यावर प्रोग्राम म्हणे, वेळ संपली, उत्तर आलं नाही. म्हणजे ऐकू आलं नाही.

"एका कागदाच्या मापापायी," बाई हळूच म्हणाल्या.

ती ओळ भिंगकाकांनीच लिहिली होती. भागीदारानं तेव्हा विचारलंही होतं, की दरवेळी प्रिंटरला कशाला विचारायचं, आणि ते म्हणाले होते, असू दे, एवढा काय वेळ लागतोय!

त्यांनी ते विचारणं तिथून काढलं आणि पार शेवटी, 'छापा' म्हटल्यावरच विचारायचं असं करून टाकलं. बटणाची वेळ नोंदवायचं काम वेगळं, स्वतंत्र चालेल असं बांधलं. यात चार वाजले. प्रिंटर मुद्दाम बंद ठेवून ते पुन्हा आत बसले. स्क्रीन एकदाही पांढरा पडला नाही. मधला खड्डा गेला.

वरच्या सुरांतला मात्र तसाच होता.

"म्हणजे आणखी एक बिघाड आहे," ते म्हणाले. एका चुकीमागे दुसरी दडलेली असते, हे काही नवीन नव्हतं. पण आता डोळे चुरचुरत होते आणि परतीचे दोन तास बाकी होते. "उद्या परत येतो."

गुरुवारी सकाळी ते परत हजर. आज संशय आवाजावर होता. नवे कॉम्प्युटर आवाज गोड लागावा म्हणून स्वतःच्या अकलेनं त्यात कमीजास्त करतात. तसलं काहीतरी वरचे सूर खात असणार. त्यांनी ती सगळी सेटिंगं बंद केली आणि आत जाऊन बसले. खड्डा तिथेच. हेडफोन दोनदा बदलून बघितले. तिथेच. आपल्या लॅपटॉपवरून सूर वाजवून बघितला. तिथेच. सूर तयार करणारा सगळा भाग त्यांनी ओळ न् ओळ वाचून काढला आणि त्यात काही म्हणता काही चूक नव्हती. दुपार झाली, त्यांनी हात टेकले. डबा उघडला आणि दोन घास खाऊन मिटवला.

"सर, मीटर लावून बघू का?" बाईंनी विचारलं. आवाज मोजायचं मीटर त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते हेडफोनला लावलं आणि भिंगकाकांनी तोच सूर वाजवला. मीटरवर आकडा उमटला. जेवढा हवा तेवढाच.

"मीटर चुकत असेल," भिंगकाका म्हणाले.

"मागच्याच महिन्यात तपासून आणलंय."

"मग वाजतोय तो दुसराच काहीतरी असेल. खरखर, नाहीतर घरघर. मला काही ऐकू येत नाही म्हणजे सूर नाहीच तो."

बाईंनी हेडफोन आपल्या कानांवर चढवले. "वाजवा."

त्यांनी वाजवला.

"येतोय की, सर. स्वच्छ येतोय. बारीक शिट्टीसारखा." आणि एवढं बोलून बाई थांबल्या. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. पुढे काय म्हणायचं ते त्या रोज कितीतरी माणसांना सांगत, पण आज त्यांनी नुसतं स्क्रीनकडे बोट केलं.

भिंगकाका स्क्रीनकडे बघत राहिले. कालचे आणि आजचे मिळून सहा आलेख एकाखाली एक होते. सहाही आलेखांत खड्डा त्याच जागी, तेवढाच खोल. फिरत नव्हता. बाईंनी फोनवर मंगळवारी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं, आणि मग कळायचं ते कळलं.

"प्रोग्राम बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"किती दिवसांचं असेल हे?"

"दिवसांचं नाही. वर्षांचं. असं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. बायकांचे, लहान मुलांचे आवाज आधी निसटतात. स, श, फ ही अक्षरं जातात. शब्द अर्धा कानात शिरतो आणि उरलेला माणूस मनानं भरतो." मग बाईंनी विचारलं, "घरी कुणी काही म्हणालं नाही का कधी?"

भिंगकाका चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

पण दिवस संपला नव्हता. त्याच दुपारी बाईंनी बसच्या ड्रायव्हरला बोलावलं होतं. तो चार वाजता आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, शर्टाच्या बाहीवर काळे डाग. कुणाकडे न बघता तो आत जाऊन बसला. बाईंनी तपासणी चालवली, भिंगकाका मागे उभे राहिले. प्रत्येक सुराला काचेपलीकडचा त्याचा अंगठा खाली जाई आणि त्याच क्षणी स्क्रीनवर ठिपका उमटे. आलेख सरळ आला. कुठे खळगासुद्धा नाही.

तो बाहेर आला तेव्हा भिंगकाका पुढे झाले. "दादा, हा प्रोग्राम माझा आहे. आधीच्या दोन्ही वेळा चूक त्याची होती. म्हणजे माझी. तुम्ही बटण दाबत होता, तो ते मोजत नव्हता."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं. "दोन महिने मी शेडमध्ये टायर मोजतोय."

"ठाऊक आहे."

"माझ्या बायकोनंसुद्धा मानलं नाही. घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागले. म्हातारा झालो म्हणे. पोरगी तर हातवारे करून जेवायला बोलवायची." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "आणि मला सगळं ऐकू येत होतं, साहेब. शेजारच्या खोलीत माझ्याबद्दल काय बोलतात तेसुद्धा."

भिंगकाकांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. "मी लिहून देतो. शाळेला, माझ्या सहीनं."

"द्या," तो म्हणाला. माफ केलं असंही नाही, राग गेला असंही नाही. कागद तयार होईपर्यंत तो उभाच राहिला. नंतर तो त्यानं दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि बाईंना नमस्कार करून निघून गेला.

बाईंनी कॉम्प्युटर नवा आल्यापासूनची यादी काढली. पासष्ट माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांचे आलेख बरोबरच असतील, पण कुणाचे चुकले ते आता सांगता येत नव्हतं. सगळ्यांनाच परत बोलवायचं ठरलं. फोन मी करीन, बाई म्हणाल्या. भिंगकाकांनी मान हलवली. फोनवर आपल्याला काय ऐकू येतं आणि काय आपण मनानं भरतो, याचा त्यांना आता भरवसा उरला नव्हता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. शेजारच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, काही तुकडे कानावर पडत होते. आधी ते म्हणाले असते, मला काय करायचंय दुसऱ्याच्या बोलण्याशी. आज त्यांनी मुद्दाम कान टवकारले. एक वाक्य धड लागेना.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बायको खिडकीपाशी मुलांची चित्रं तपासत बसली होती. बूट न काढताच ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"अगं, माझे कान गेलेत."

तिनं वर बघितलं. "कुठे गेलेत?"

"बिघडलेत. वरचे सूर येत नाहीत मला. तपासून आलो, काल आणि आज. सहा वेळा."

त्यांनी सगळं सांगितलं. आधी प्रिंटर, मग ड्रायव्हर, मग मीटर. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या हातातला ब्रश वाळून गेला. ती चिडेल, नाहीतर रडेल, असं भिंगकाकांना वाटलं होतं. ती नुसती थकल्यासारखी मागे टेकली.

"म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

"मलाही तसंच वाटत होतं," भिंगकाका म्हणाले, आणि लगेच घाईनं म्हणाले, "म्हणजे तुझा नाही गं. एकंदरीतच."

ती हसली नाही. "मी सांगायचंच सोडून दिलं होतं हो. पहिल्यांदा भांडले. मग दोनदा सांगायला लागले. मग म्हटलं जाऊ दे, कशाला घसा कोरडा करायचा."

"काय काय राहिलं सांगायचं?"

"बरंच."

"एखादं सांग."

तिनं खुर्ची त्यांच्यासमोर वळवली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. तीन वर्षं आधीच. अर्ज दिलाय. तुम्हाला दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तुम्ही हं म्हणालात."

आपण हं म्हणालो असणार, यात भिंगकाकांना तिळमात्र शंका नव्हती.

"कधीपासून?"

"या एकतीस तारखेपासून. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही वर्गात."

गुडघे दुखतात हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही की हे कधी सांगितलंस. सांगितलंच असणार.

त्या रविवारी त्यांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं. प्रिंटर दूर किंवा बंद असेल तर तपासणीत काय चुकू शकतं, ती चूक कुणाची, नवा प्रोग्राम कसा बसवायचा, आणि जुन्या तपासण्या पुन्हा का करायला हव्यात, हे सगळं आडपडदा न ठेवता. तीन दवाखान्यांनी त्यांचा प्रोग्राम काढून टाकला. एका डॉक्टरांनी फोनवर इतकं सुनावलं की तेवढ्यापुरतं कमी ऐकू येतंय याचं भिंगकाकांना बरंच वाटलं. बाकीच्यांनी नवा प्रोग्राम बसवून घेतला आणि कुरकुरत का होईना, आपापल्या याद्या काढल्या. पासष्टांतल्या सहा जणांचे आलेख बाईंना चुकीचे सापडले. ड्रायव्हर पंधरा दिवसांनी बसवर परत गेला, असं बाईंकडूनच कळलं. त्याच्याकडून काही निरोप नव्हता. भिंगकाकांनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

महिन्याभरानं त्यांना कानांत घालायची यंत्रं मिळाली. पहिले काही दिवस डोक्याला ताप झाला. नळ, कागद, चपला, सगळंच कानावर येऊन आदळे. कॉम्प्युटरचा पंखा एवढा आवाज करतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि सायकलवाल्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो हेही. दुपारपर्यंत ते दमून जात आणि यंत्रं काढून डबीत ठेवत. बाई म्हणाल्या होत्या, सवय व्हायला वेळ लागेल, मेंदूलाही परत शिकावं लागतं. शिकण्याचं वय राहिलंय का आपलं, असं त्यांना वाटे. पण संध्याकाळी घराचा जिना चढताना ते डबी उघडत.

बायको आता घरीच असे. उशीर झाला म्हणून एकदा ती दारातच भेटली आणि म्हणाली, "जेवायच्या आधी जरा बसा. माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायचंय."

"तिचं काय?"

"मोठं आहे. मागच्या वर्षीपासूनचं आहे."

"सांग," भिंगकाका म्हणाले, आणि बूट काढून तिच्यासमोर बसले.